हॉलच्या लादीत एक सॉकेट

हॉलमध्ये खिडकीपाशी, लादीच्या पोटात, एक सॉकेट बसवून घ्यायचं असं महिपतराव चाळक्यांनी ठरवलं, तेव्हा हे फार तर एका रविवारचं काम आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अशा वेळी माणसाला अडवायला घरात कुणीतरी लागतं. अडवणारी व्यक्ती बंगळुरूला होती, आणि ती तिथे होती म्हणूनच तर सॉकेट बसवायचं होतं.

उर्मिला, म्हणजे त्यांची बायको, दिवाळी आटोपून लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. संचिताला मुलगी झाली. बारसं झालं, सान्वी नाव ठेवलं. सान्वी पालथी पडायला लागली, उशीला टेकून बसायला लागली, मे महिन्याचं ऊन मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या गच्च्या भाजून काढू लागलं, तरी उर्मिला तिकडेच. संचिताची रजा संपत आली होती, पाळणाघराचं काही जमत नव्हतं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. महिपतराव इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसत आणि इकडे सगळं मजेत आहे असं सांगत. 'ये' हा एवढासा शब्द, पण तो काही त्यांच्या तोंडून निघत नव्हता. चाळक्यांच्या घराण्यात कुणी बायकोला तुझी आठवण येते असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्याऐवजी ते काहीतरी दुरुस्त करतात. महिपतरावांची आई माहेरी जरा जास्त राहिली, की त्यांचे वडील संगमेश्वराकडच्या गावच्या घरात विहिरीचा रहाट काढून पुन्हा बसवत. रहाटाला काही झालेलं नसे.

उर्मिलेचं शिलाई मशीन बेडरूमच्या कोपऱ्यात होतं, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या अंधाऱ्या जागेत. तिला ते हॉलमध्ये खिडकीपाशी हवं होतं. तिथून घोडबंदरकडचे डोंगर दिसतात आणि दुपारी वारा येतो. पण खिडकीच्या एका बाजूला कॉलम, दुसऱ्या बाजूला बाल्कनीचं दार. मशीनच्या मोटारीला लागणारं सॉकेट थेट समोरच्या भिंतीत. मध्ये एक्स्टेंशनची वायर ओढली की येणारा-जाणारा अडखळायचा. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस एकदा सिलिंडरसकट सोफ्यावर बसला, तेव्हापासून मशीन आत गेलं ते गेलंच.

तर जमिनीखालून पाइप न्यायचा, खिडकीपाशी झाकणाचं सॉकेट काढायचं, आणि उर्मिला येईल तेव्हा मशीन तिथे तयार ठेवायचं. तिला आधी काही सांगायचं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं की हे मध्येच कुठून सुचलं.

हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांपाशी रामू वायरमनचं दुकान होतं. तो येऊन हॉल बघून गेला. उलट्या बोटांनी लादीवर ठोकलं, कान दिला, आणि होऊन जाईल म्हणाला. रामूच्या बोलण्यात होऊन जाईल हे वाक्य फार येत असे, आणि ते इतकं शांतपणे येत असे की ऐकणाऱ्याला पुढचे प्रश्न सुचत नसत.

त्याच संध्याकाळी खाली बाकावर बाबाजी म्हात्र्यांना ही बातमी कळली. बाबाजी वीज कंपनीतून निवृत्त झाले होते. नोकरीभर ते बिलाच्या खात्यात होते आणि वायरला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता, पण कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर वीज अंगात मुरतेच, असं त्यांचं मत होतं. ते म्हणाले की फरशीखालून वायर नेणं नियमात बसत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले बसतं, पण पाइप लोखंडी हवा. तिसऱ्या दिवशी लोखंडी अजिबात नको, गंजतो, प्लास्टिकचाच हवा, पण जाड. महिपतरावांनी विचारलं की नेमका नियम काय आहे. बाबाजी म्हणाले, नियम मोठा आहे, असा बाकावर बसून सांगण्यासारखा नाही.

मग सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी नीलेशभाईंचं भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. इमारतीत कुणी खिळा ठोकला तरी त्यांना तो आपल्या छातीत ठोकल्यासारखा वाटे. महिपतरावांनी अर्जात खरं कारण लिहिलं: पत्नीच्या शिलाई मशीनकरिता. नीलेशभाईंनी चष्मा वर केला. शिलाई मशीन म्हणजे धंदा, धंदा म्हणजे कमर्शियल वापर, आणि कमर्शियल वापर म्हणजे मीटर वेगळा, असं ते समजावत गेले. महिपतरावांनी सांगितलं की उर्मिला फक्त घरच्यांचे ब्लाउज, पडदे, उशांचे अभ्रे शिवते, फार तर शेजारणीच्या गाउनला टिपा मारून देते. नीलेशभाईंनी ते ऐकून घेतलं, आणि मग अगदी साध्या कुतूहलाने विचारलं,

"पण चाळकेसाब, भाभी तो बंगलोर में है ना. फिर मशीन चलाएगा कौन?"

हा प्रश्न कुठल्याच नियमात बसत नव्हता. महिपतराव उभे होते ते खुर्चीवर बसले. भाभी येणार आहेत, असं म्हणाले. कधी, असं नीलेशभाईंनी विचारलं नाही, ही त्यांची मेहरबानी. त्यांनी सही केली, वर सोसायटीचा शिक्का मारला, आणि खाली लाल शाईत लिहिलं की काही नुकसान झाल्यास सभासद जबाबदार.

रविवारी रामू आला. महिपतरावांनी सोफा बेडरूममध्ये ढकलला, टीव्हीला चादर घातली, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात नातेवाईक उभे राहतात तसे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. लाद्या निघाल्या. म्हणजे पहिली अख्खी निघाली, बाकीच्यांचे तुकडे निघाले. लादीखालचा सिमेंट-वाळूचा थर निघाला. त्याखाली स्लॅब लागला. रामूला पाइप आणखी खाली दडवायचा होता, म्हणजे वरून लादी कशी सपाट बसेल. त्याने छिन्नी स्लॅबवर धरली आणि हातोडा मारला. महिपतरावांना वाटलं की विचारावं, एवढं खोल कशाला. पण ज्याचं काम त्याला करू द्यावं अशी त्यांची शिकवण होती, आणि आयुष्यात ही शिकवण त्यांना नेमकी नको तिथे आठवे.

फट्कन आवाज झाला, एक निळी ठिणगी उडाली, आणि रामू दोन्ही हात वर करून मागच्या मागे बसला. त्याला काही झालं नव्हतं. घरातले दिवे चालू होते, पंखा फिरत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग खालच्या मजल्यावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, जिन्यावर चपला वाजल्या, आणि दारात वॉरेन उभा राहिला.

वॉरेन मूळचा उत्तनचा. त्याच्या भावांच्या बोटी अजून समुद्रात जातात. तो स्वतः बँकेतून निवृत्त होऊन बायको कॉनीसह खाली राहत होता. रविवारी चर्चमधून आल्यावर पंख्याखाली आडवं व्हायचं, हा त्याचा आठवड्यातला एकमेव हट्ट होता.

"चाळकेसाहेब," तो म्हणाला, "आमचा पंखा बंद झाला हाय. लाइट पन न्हाय. तुमी वर काय फोडताय?"

तेव्हा महिपतरावांना ती गोष्ट कळली, जी इमारतीत इतकी वर्षं राहून कळली नव्हती. आपल्या पायाखालचा स्लॅब म्हणजे खालच्याचं छत. खालच्याच्या पंख्याच्या आणि दिव्याच्या वायरी त्याच स्लॅबच्या पोटातून जातात. आपण ज्याला आपली जमीन समजत होतो, तिच्यात वॉरेनचा पंखा पुरलेला होता.

पुढच्या तासाभरात अर्धी इमारत चाळक्यांच्या हॉलमध्ये जमली. एरवी ज्यांना चहाला बोलावलं तरी वेळ नसे, ते खड्ड्याभोवती हात मागे बांधून उभे राहिले. बाबाजी म्हणाले, मी सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते कुणी विचारलं नाही, कारण त्यांनी सगळंच सांगितलं होतं. कुणीतरी इमारत आता किती वर्षं टिकेल याचा हिशेब मांडू लागलं. नीलेशभाईंनी काम बंद करण्याचा हुकूम दिला आणि सांगितलं की आता सरकारी लायसनवाला कंत्राटदार येऊन लेखी देईपर्यंत कुणी छिन्नीला हात लावायचा नाही. रामूने अवजारं गोळा केली. जाताना तो होऊन जाईल म्हणाला, पण आवाज बारीक होता.

सगळे गेल्यावर महिपतराव स्टँडचा पंखा खांद्यावर घेऊन खाली गेले. इतक्या वर्षांच्या शेजारात आपण पहिल्यांदाच काही द्यायला येतोय आणि तेही हे, या विचाराने त्यांना घंटी वाजवायला वेळ लागला. कॉनीने दार उघडलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पंखा घेतला, योग्य ठिकाणी लावला, आणि जेवलात का म्हणून विचारलं. महिपतराव हो म्हणाले. कॉनीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ताट वाढलं. बोंबलाचं कालवण होतं. महिपतराव बरेच दिवस वरण-भात आणि लोणचं यांच्या आधाराने राहत होते. त्यांनी मान खाली घालून सगळं खाल्लं.

लायसनवाले कंत्राटदार हाटकेशलाच सापडले, पण मे महिना म्हणजे लग्नसराई. सगळे लग्नाच्या हॉलांच्या रोषणाईत गुंतलेले होते. येतो, येतो म्हणत ते येईनात. इकडे महिपतरावांचा हॉल दारापासून खिडकीपर्यंत कापलेला, खड्ड्यावर प्लायवूड, प्लायवूडवर चादर. स्वयंपाकघरात जायचं तर भिंतीला पाठ लावून सरकत जावं लागे. रात्री दिवा मालवताना त्यांच्या मनात येई, की उर्मिला असती तर या खड्ड्यावरून एव्हाना आपली किती हजेरी घेतली असती. मग त्यांना ती हजेरीच हवीशी वाटे.

आणि संध्याकाळचे कॉल. सगळा हॉल लपवून दाखवण्याजोगी एकच भिंत उरली होती, कॅलेंडरची. महिपतराव तिच्यापुढे स्टूल ठेवून बसत, मागे जराही काही दिसणार नाही असा फोन धरत, आणि नेहमीपेक्षा जास्त हसत. उर्मिला सान्वीला पुढे धरायची. सान्वी फोनचा कोपरा चावायची. घर कसं आहे, असं उर्मिलेने विचारलं की ते म्हणत, एकदम व्यवस्थित, तू काळजी करू नकोस. हल्ली खिडकीपाशी बसत नाही का, असं तिने एकदा विचारलं. इथे वारा चांगला येतो, असं ते म्हणाले. त्या भिंतीला खिडकी नाही हे दोघांनाही माहीत होतं. उर्मिलेने सान्वीला पुन्हा पुढे धरलं. ती पूर्वीसारखी खोदून विचारत नाही, हे त्यांना त्या दिवशी जाणवलं.

अशाच एका कॉलमध्ये उर्मिलेऐवजी संचिता आली. तिने हळूच विषय काढला की आई-बाबा असे दोन टोकांना किती दिवस राहणार. मीरा रोडचं घर विकून दोघं इकडेच आले तर. आईला विचारलं, तर बाबांना विचार म्हणाली. महिपतरावांनी मान डोलवली, विचार करतो म्हणाले. प्लायवूडखाली त्यांनी ज्या घराची जमीन उघडी करून ठेवली होती, तेच घर विकायचं की नाही याचा विचार ते आता करणार होते.

अखेर कंत्राटदार आले. त्यांनी खड्ड्यात टॉर्च मारली, रामूला बोलावून घेतलं, आणि बाबाजींसकट सगळ्यांसमोर नियम सांगितला. तो बाकावर बसूनही सांगता आला असता. स्लॅबला हात लावायचा नाही. पाइप स्लॅबच्या वर आणि लादीच्या खाली, मधल्या थरातच घालायचा आणि वर पुरेसा सिमेंटचा थर यायला हवा. पाइप जाड, सरळ रेषेत, मध्ये कुठे लपवलेला जोड नाही, वळणं कमीत कमी, म्हणजे उद्या वायर खराब झाली तर लादी न फोडता ओढून काढता येते. आधी पाइप, मग सिमेंट सुकू द्यायचं, मग वायर. अर्थिंग हवंच, आणि गळती झाली की झटकन वीज तोडणारा स्विच मेन बोर्डात हवा. सॉकेटचं झाकण असं, की लादी पुसताना पाणी आत जाऊ नये. नियम इतका समजूतदार होता, की तो आधी कुणी का सांगितला नाही याचंच महिपतरावांना वाईट वाटलं. आपल्याला कुणी सांगितला असता तर आपण ऐकला असता का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

स्लॅबमधला तुटलेला पाइप बदलला, वॉरेनच्या वायरी नव्या ओढल्या, छेद भरला. खाली पंखा फिरायला लागला तेव्हा कॉनीने वर तोंड करून छातीवर क्रॉसची खूण केली. महिपतरावांचा पाइपही पडला, सिमेंट सुकलं, वायर आली. फक्त लादी मिळेना. जुन्या लादीचा बिस्किटी रंग कंपन्यांनी कधीच बंद केला होता. शेवटी मिळाली ती जरा गुलाबी. दारापासून खिडकीपर्यंत तिचा एक पट्टा गेला, आणि येणारे लोक का कोण जाणे, त्या पट्ट्यावर पाय न देता बाजूने चालू लागले.

त्या दिवशी दुपारी महिपतरावांनी मशीन बेडरूममधून एकट्याने ओढत आणलं. खिडकीपाशी ठेवलं, पुसलं. झाकण उघडून प्लग घातला. सगळं नीट लागतंय की नाही एवढंच बघायचं होतं. त्यांनी पायाखालचं पेडल जरा दाबलं. मशीन सुरू झालं. खटखटखट असा तो आवाज घरभर पसरला, आणि तो इतक्या दिवसांत आपण ऐकला नव्हता हे त्यांना आवाज सुरू झाल्यावरच कळलं. त्यांनी उर्मिलेच्या पिशवीतला कापडाचा एक तुकडा सुईखाली धरला. सुईत दोरा नव्हता. तुकडा पुढे सरकत राहिला, त्यावर नुसती भोकं पडत राहिली, बाहेर डोंगर उन्हात पांढरे पडले होते, आणि महिपतराव पेडलवरचा पाय काढत नव्हते.

जिन्यावर धावत आल्यासारखे पाय वाजले. दार उघडंच होतं. कॉनी हातात झाकलेलं पातेलं घेऊन आत आली, मागे वॉरेन.

"उर्मिला आली ना?" ती म्हणाली. "सांगितलं पन न्हाय तुमी. मला खाली आवाज आला, मी वॉरेनला बोलली, आली ती."

बोलता बोलता तिने हॉलभर पाहिलं, मग मशीनपाशी बसलेल्या महिपतरावांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. महिपतरावांनी पाय काढला. आवाज थांबला. टेस्टिंग करत होतो, असं ते म्हणाले. वॉरेन बिचारा लादीचा पट्टा फार छान बसलाय म्हणाला. कॉनी पातेलं टेबलावर ठेवायला गेली. तेवढ्यात तिथे पडलेला फोन वाजला. उर्मिला वेळेआधी कॉल करत होती. महिपतराव उठून कॅलेंडरच्या भिंतीकडे निघाले, पण फोन कॉनीच्या हाताशी होता, आणि तिने तो उचलला.

दोघी आधी एकमेकींना बघून आनंदल्या. मग कॉनीने फोन फिरवला. महिपतरावांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. गुलाबी पट्टा, कोपऱ्यात उरलेली वाळू, चादर घातलेला टीव्ही, खिडकीपाशी मशीन, त्याच्या पायाशी लादीत उघडं झाकण, सगळं तिने सावकाश दाखवलं. पंख्याची हकिगत सांगितली, बोंबलाच्या कालवणाची सांगितली, आत्ता कुठला आवाज ऐकून ती वर आली तेही सांगितलं. मग फोन महिपतरावांच्या हातात दिला आणि वॉरेनला दंडाला धरून बाल्कनीत नेलं.

पलीकडे सान्वी कशावर तरी चमचा आपटत होती.

"मला वाटलं, तुमचं माझ्याशिवाय बरं चाललंय," उर्मिला शेवटी म्हणाली. "रोज इस्त्री करून त्या भिंतीपुढे बसता. सगळं व्यवस्थित म्हणता. म्हटलं, आपली तिकडे तशी गरज राहिली नाही. म्हणून संचिता घर विकायचं म्हणाली तेव्हा मी ते तुमच्यावर सोडलं."

महिपतरावांनी सगळा नियम आठवून पाहिला. पाइप, थर, अर्थिंग, झाकण. त्यातलं काहीच इथे सांगण्याजोगं नव्हतं.

"नाही चाललेलं," ते म्हणाले.

उर्मिलेने मान खाली घातली, मग वर केली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि कपाळावर आठी होती. ती आठी पाहून महिपतरावांना जितका धीर आला, तितका त्या महिन्यात कशानेच आला नव्हता. तिने फोन मशीनजवळ न्यायला सांगितला. आणखी जवळ. मग विचारलं की मशीन असं खिडकीकडे तोंड करून का ठेवलंय. डोंगर दिसावेत म्हणून, असं ते म्हणाले. ती म्हणाली की डोंगर बघत बसलं तर सुई बोटात जाईल. उजेड डाव्या अंगाने यायला हवा, म्हणजे मशीन आडवं हवं, म्हणजे हे सॉकेट बरोबर पायात येतंय. ते हातभर पलीकडे हवं होतं. महिपतराव म्हणाले की इथेच बरोबर आहे. ती म्हणाली की शिवणार कोण आहे. दोघांचं यावर बराच वेळ चाललं. बाल्कनीतून वॉरेनने एकदा डोकावून पाहिलं आणि कॉनीने त्याला पुन्हा ओढून घेतलं.

"जाऊ दे, तुम्हाला फोनवर कळायचं नाही," उर्मिला म्हणाली. "संचिताशी मी बोलते. पाळणाघर मिळेपर्यंत तिच्या सासूबाई येतायत, त्या कधीपासून म्हणतायत. मी तिकीट काढतेय. मी येईपर्यंत तिथे कशालाही हात लावू नका."

महिपतराव बरं म्हणाले. ऐकू आलं नाही, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा बरं म्हणाले.